मागच्या बाजूची पाचवी खिडकी

हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं आणि ठिपकेबाईनं ना पलंग बघितला, ना पंखा लावला, ना पायातल्या चपला काढल्या. हातातली पिशवी उंबऱ्यातच टाकून ती तडक खिडकीपाशी गेली. खिडकीची कडी गंजून घट्ट बसलेली. दोनदा ओढली तरी ढिम्म. तिसऱ्यांदा तिनं एक पाय भिंतीला लावला, दातओठ खाल्ले आणि असा हिसका दिला, की खिडकी खाडकन उघडली आणि ती स्वतः मागच्या मागे पलंगावर जाऊन आदळली. समोर, गल्लीच्या पलीकडे, निम्मं आभाळ अडवून मनोरा उभा होता.

"वन्सं! अहो वन्सं, लवकर या! मनोरा आला!"

"मनोरा कशाला येतोय? आपण आलोय," जिन्यातून आवाज आला आणि आवाजामागून धापा टाकत नणंद आली. लिफ्टच्या दारावर 'दोन माणसांसाठी' असं लिहिलेलं होतं, पण लिहिणाऱ्यानं ती माणसं कुठल्या मापाची धरली होती कोण जाणे. दोघी आणि दोन बॅगा काही केल्या मावेनात. शेवटी बॅगा लिफ्टनं वर आल्या आणि नणंद तीन मजले चढून.

तिनं खिडकीबाहेर डोकं काढलं. वर बघितलं, खाली बघितलं.

"याला घड्याळ कुठंय?"

"घड्याळ पुढच्या बाजूला, वन्सं."

"म्हणजे ही पाठ?" नणंदेनं कपाळावर हात मारला. "तरीच म्हटलं, मनोऱ्याला इतकं खेटून हॉटेल आणि भाडं निम्मं कसं! फोनवर काय गोड बोलत होता तो काउंटरवाला, 'मावशी, खोलीतून मनोरा दिसतो.' दिसतो ना. रुसलेल्या जावयासारखा पाठ करून बसलेला दिसतो!"

"मला पाठच बघायची होती."

"काय?"

पण ठिपकेबाईचं लक्ष नव्हतं. ती बोट उंच करून मोजायला लागली होती. वरची ओळ, तीन खिडक्या. बरोबर. दुसरी ओळ, पुन्हा तीन. बरोबर. वरून तिसरी ओळ. तिचं बोट उजवीकडून डावीकडे निघालं. एक, दोन, तीन, चार. सवयीनं बोट आणखी पुढे सरकलं आणि तिथंच हवेत थांबलं. पुढे नुसती पिवळट भिंत होती.

तिनं डोळे चोळले, पुन्हा मोजलं. चार.

आता हिला मागची बाजू कशाला बघायची होती, ते सांगायला हवं.

राजधानीत येणारा प्रत्येक पाहुणा मनोरा बघतो, आणि जाताना बोटभर उंचीचा प्लास्टरचा मनोरा विकत घेऊन जातो. टीव्हीवर ठेवायला, नाहीतर ज्याला कुणाला राजधानी दाखवायची राहून गेली त्याला द्यायला. हा बोटभर मनोरा काही राजधानीत होत नाही. तो होतो बसनं आठ तासांवरच्या एका छोट्या गावात, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात, आणि त्याच्या खिडक्या रंगवायचं काम एकोणीस वर्षं ठिपकेबाईकडे होतं. एका मनोऱ्याला एकशे बारा खिडक्या. एका खिडकीला निळ्या रंगाचा एक ठिपका. ब्रशाला केस तीन. ठिपका द्यायचा तो श्वास धरून, आणि एकदा दिला की दिला, पुसापुशी नाही. दिवसाला साठ मनोरे. हे काम तिच्या हातात इतकं मुरलं होतं, की भाकरी थापतानासुद्धा तिचा अंगठा बोटाला टिकटिक करत राही. खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. नवरासुद्धा दारातून हाक मारायचा ती, "अगं ए ठिपकेबाई, चहा आहे का?"

एवढे मनोरे हाताखालून गेले, पण खरा मनोरा तिनं बघितला नव्हता. आधी मुलगी लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलीचं लग्न. आठ तासांचा प्रवास काही होईना. नवऱ्याला म्हणावं तर तो म्हणे, "मान वर करून काय बघायचं? टाकी भरली का बघायला मी रोज वर बघतो, तेवढं पुरे."

मग मागच्या महिन्यात कारखान्यात नवा साचा आला. जुना साचा झिजला होता. तो ज्यानं घडवला ते साचेवाले आजोबा वारून बरीच वर्षं झाली होती. नवा साचा संगणकावर फोटो टाकून मशिनीनं कोरलेला. नव्या साहेबानं मोठ्या कौतुकानं पहिला नमुना टेबलावर ठेवला. ठिपकेबाईनं तो उचलला, बोटात फिरवला आणि खाली ठेवला.

"साहेब, मागची एक खिडकी गेली."

"कुठं गेली?"

"वरून तिसरी ओळ. पाच पाहिजेत. चारच आहेत."

साहेब वयानं लहान होता, मनानं वाईट नव्हता, पण त्याला हसून बोलायची सवय होती. "बाई, हे फोटोवरून केलंय. कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

"आजोबा स्वतः जाऊन बघून आले होते. आठ दिवस राहिले होते तिथं."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी बघितलाय मनोरा?"

सगळं टेबल हसलं. कुणी वाईट मनानं हसलं नाही, पण हसलं. ठिपकेबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते ती बोलून गेली. "बघते ना! बॅच सुरू व्हायच्या आत बघून येते. चार निघाल्या तर ब्रश खाली ठेवते आणि पॅकिंगला जाऊन बसते. पाच निघाल्या तर साचा परत पाठवायचा."

"चालेल," साहेब म्हणाला. आता सगळे ऐकत होते, त्यामुळे त्यालाही माघार घेता येईना. नव्या साच्याची दहा हजारांची बॅच सोमवारी सुरू व्हायची होती.

पॅकिंग म्हणजे मागचं गोदाम. खिडकी नाही, ट्यूबलाइटचा उजेड आणि दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी. ठिपकेबाईची जागा टेबलाच्या टोकाला, उजेडाच्या बाजूला होती. त्या जागेवर बसून तिचे केस पांढरे झाले होते.

तर असं बोलून ती आली होती. हॉटेलही तिनंच शोधलं होतं. काउंटरवाल्याला तिनं तीनदा फोन करून विचारलं होतं, "मागची बाजू नक्की दिसते ना?" मागची बाजू मागणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. त्याला वाटलं, बाई टोमणा मारतायत.

आणि आता चार.

तिनं खिडकी हळूच लोटली. नणंदेला पैजेतलं काही ठाऊक नव्हतं. ती बिचारी खोलीची तपासणी करण्यात दंग होती. खोली म्हणजे दोन पलंगांच्या मधे एक वीतभर वाट. एकीनं चालायचं तर दुसरीनं पाय वर घ्यायचे. कपाटाचं दार उघडलं की खोलीचं दार बंद. साबणाची वडी इतकी पातळ, की तिच्यातून पेपर वाचता यावा. आणि किल्लीला बांधलेला लाकडी ठोकळा एवढा मोठा, की "हा खिशात घालून पळणारा चोर पहिलवानच असणार," असं नणंद म्हणाली. मग गादीवर दोनदा बसून उठून तिनं निकाल दिला. "स्वच्छ आहे हो पण! चादर बघ, कडक. चल, तोंड धू. राजधानी बघायला आलोय का भिंती?"

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एकवीस वर्षं शाळेच्या बसवर मुलं मोजायचं काम करून रिटायर झालेली. चढताना मोजायची, उतरताना मोजायची, मधे मोजायची. अजूनही रस्ता ओलांडला की ती मागे वळून म्हणायची, "आहेस ना? दोन. हं, चल."

मनोऱ्याला वळसा घालून दोघी पुढच्या चौकात आल्या आणि ठिपकेबाईचे पायच थबकले.

घड्याळ! तिच्या ब्रशाखाली मोहरीएवढं असणारं घड्याळ इथं अख्ख्या खोलीएवढं होतं. त्याखालची गॅलरी, गॅलरीचे कठडे, दाराच्या दोन्ही अंगांचे गोल खांब, सगळं ओळखीचं. एखाद्याशी वर्षानुवर्षं फोनवर बोलावं आणि एक दिवस तो माणूस साक्षात पुढ्यात येऊन उभा राहावा, तसं तिला झालं. तिचं तोंड आपोआप सुरू झालं. "वन्सं, तो बघा उजवीकडचा खांब, त्याच्या मागं एक खिडकी लपलीय, तिथं ब्रश तिरपा धरावा लागतो! आणि ती गोल खिडकी, ती मेली फार छळते. तिला दोनदा टेकवावं लागतं."

शेजारी एक गाईड पंधरावीस पाहुण्यांना सांगत होता, "या मनोऱ्याला एकूण शंभर खिडक्या आहेत."

"एकशे बारा," ठिपकेबाई म्हणाली.

गाईडनं वळून बघितलं. "मावशी, पुस्तकात शंभर आहेत."

"पुस्तकात असतील. पुढे अडतीस, या अंगाला पंचवीस, त्या अंगाला पंचवीस आणि मागे..." इथं ती अडखळली. "मागे चोवीस."

"मागे जाता येत नाही. तिकडे सरकारी कचेरी आहे," गाईड म्हणाला आणि पाहुण्यांना घेऊन घाईनं पुढे गेला.

मग ती दाराशी गेली. पायऱ्यांच्या बाजूला एक दगडी सिंह बसलेला होता. ठिपकेबाई त्याच्याजवळ गेली, वाकली, आणि एकदम टाळी वाजवून ओरडली. चौकातली कबुतरं भर्रकन उडाली.

"कान! वन्सं, कान तुटकाय!"

"कुणाचा?"

"सिंहाचा! अहो, आमच्या साच्यात सिंहाचा डावा कान तुटकाच येतो. एकोणीस वर्षं आम्ही म्हणतोय, साच्यातच खोट आहे, आजोबांच्या हातून टवका उडाला. टवका नव्हता हो तो! सिंहालाच कान नाही! म्हाताऱ्यानं जसं होतं तसं केलं. तुटका कानसुद्धा सोडला नाही!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. चौकात बारीकबारीक मनोऱ्यांचा एक ठेला लागलेला होता. त्यातला एक मनोरा तिनं उचलला, ठिपके डोळ्यांजवळ धरून निरखले आणि ठेलेवाल्याला म्हणाली, "हा माझा." ठेलेवाला म्हणाला, "पैसे दिलेत की तुमचाच." "तसं नव्हे हो, हा मी केलाय. आणि तो शेजारचा, रंग ओघळलेला, तो माझा नाही. तो आमच्या शेवटच्या टेबलावरचा. त्यांना किती सांगितलं, रंग पातळ करू नका म्हणून!" ठेलेवाल्यानं बाईच्या तब्येतीकडे एकवार काळजीनं बघितलं. तिनं स्वतःचा मनोरा विकत घेतला आणि मुठीत धरून बाकावर येऊन बसली.

तिथंच तिनं नणंदेला सगळं सांगून टाकलं. साचा, साहेब, पैज, पॅकिंग. आणि खोलीतून मोजलेल्या चार.

नणंदेनं चपला काढून पाय मोकळे केले. ती ओरडेल असं ठिपकेबाईला वाटलं होतं.

"वाटलंच मला," नणंद म्हणाली. "दोन दिवसांच्या सहलीला कुणी भिंग घेऊन येतं का? पिशवीत बघितलं मी." मग जरा विचार करून म्हणाली, "हे बघ. बसमध्ये मोजताना एक पोर कमी भरलं, तर पोर हरवलं म्हणून बोंब मारायची नाही. आधी सीटखाली बघायचं. दहातल्या नऊ वेळा पोर सीटखालीच असतं. लपून बसलेलं."

"खिडकी कशी लपेल, वन्सं?"

"ते मला काय ठाऊक? खिडक्या तुझ्या. पोरं माझी होती."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर ठिपकेबाईनं बोटभर मनोरा खिडकीच्या कठड्यावर उभा केला, त्याची पाठ स्वतःकडे वळवली, एक डोळा मिटला आणि लहान मनोरा मोठ्यावर बरोब्बर बसवला. तिसऱ्या ओळीवर तिनं हवेतल्या हवेत ब्रश चालवला. टिक, टिक, टिक, टिक. आणि हात पुढच्या ठिपक्याला निघाला.

तिच्या लक्षात आलं. चारच खिडक्या काढायच्या असत्या, तर बांधणाऱ्यानं त्या सारख्या वाटून बसवल्या असत्या. इथं चारही उजवीकडे सरकलेल्या होत्या. डाव्या टोकाला रिकामी जागा होती, मोजून एका खिडकीची. पाहुण्यांच्या पंगतीत टोकाचा एकजण हात धुवायला उठून गेल्यावर जसा पाट रिकामा दिसतो, तशी.

"वन्सं, सीट दिसतीय," ती कुजबुजली. "पण सीटखाली काही दिसत नाही."

दुसरा दिवस नणंदेच्या ताब्यात गेला. गरम पाणी सहा ते आठ एवढंच, म्हणून तिनं सहालाच उठवलं. सातला तळघरातल्या जेवणाच्या खोलीत चहा, पाव आणि माणशी एक उकडलेलं अंडं. काउंटरवाला स्वतः ट्रे घेऊन फिरत होता. "पाहुण्यांना खोली कशी वाटली?" त्यानं जपूनच विचारलं.

"खोली झकास," नणंद म्हणाली. "तुमच्या मनोऱ्याची एक खिडकी तेवढी हरवलीय. सापडली तर काउंटरवर जमा करा."

मग दिवसभर राजवाडा, वस्तुसंग्रहालय, नदीवरचा पूल, मोठी बाग. ठिपकेबाईनं सगळं मन लावून बघितलं, हे कबूल केलं पाहिजे. राजवाड्यातल्या छतावरची सोन्याची नक्षी बघून तर ती इतका वेळ मान वर करून उभी राहिली, की पहारेकरी येऊन विचारून गेला, "बरं वाटत नाही का?" "बरं वाटतंय म्हणूनच उभी आहे," ती म्हणाली. पुलावर दोघींनी आईस्क्रीम खाल्लं. नणंदेनं प्रत्येक ठिकाणी फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत इमारत कमी आणि नणंद जास्त. तरीही संध्याकाळी परत येताना ठिपकेबाईची पावलं हॉटेलच्या गल्लीत आपोआप भरभर पडायला लागली. खोलीत जाऊन तिनं आधी मोजलं. चारच.

तिसरा दिवस शेवटचा, शनिवार. अकराला खोली सोडायची आणि बाराची बस. रविवार गेला की सोमवार. नणंदेचे पाय इतके सुजले होते, की तिनं जाहीर करून टाकलं, "आज राजधानीनं माझ्याकडे यावं. मी काही जात नाही." आणि ती बाथरूममध्ये बादलीत पाय सोडून बसली. ठिपकेबाई पलंगावर बसून पिशवी भरत होती. कपडे, भिंग, नातीसाठी घेतलेली बाहुली. नऊ वाजायला आले होते. आदल्या दिवशी या वेळेला त्या राजवाड्याच्या रांगेत उभ्या होत्या.

तिनं सहज मान वर केली.

मनोऱ्याच्या तिसऱ्या ओळीत, डाव्या टोकाला, भिंत उघडली.

भिंतच उघडली असं तिला वाटलं. भिंतीच्याच रंगाची एक फळी बाहेरच्या अंगाला दारासारखी फिरली, आतून काळोखाचा चौकोन दिसला, चौकोनातून एक हात आला आणि त्या हातानं पिवळं फडकं दोनदा झटकलं. धूळ उन्हात उडाली.

"पाच!" ठिपकेबाई किंचाळली. "वन्सं, पाच! सीटखाली होती! फोटो! फोन कुठंय?"

"माझ्याजवळ! थांब, पाय पुसते!"

"पाय राहू देत!"

नणंद ओल्या पायांनी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन बाहेर आली तोवर हात आत गेला होता. फळी परत फिरली. भिंत पुन्हा भिंत.

नणंदेनं टॉवेल खांद्यावर टाकला.

"बघितलंस ना तू?" नणंदेनं विचारलं.

"बघितलं."

"मग झालं. खोटं थोडीच आहे."

"साहेब म्हणेल, कॅमेऱ्यात दाखवा." ठिपकेबाई उठली. बोटभर मनोरा तिनं मुठीत घेतला. "वन्सं, तुम्ही इथंच थांबा. फोन खिडकीवर रोखून धरा आणि हलू नका. पोरं चढतायत असं समजा."

"आणि तू?"

उत्तर जिन्यातून आलं. लिफ्टची वाट बघायला तिला सवड नव्हती. काउंटरवाला उठून उभा राहिला. "पाहुणे, काय झालं? पाणी आलं नाही का?"

"खिडकी सापडली!" ती धावता धावता म्हणाली.

मनोऱ्याच्या मागच्या फाटकात खुर्ची टाकून पहारेकरी बसलेला होता. त्यानं हात आडवा केला. "इकडून प्रवेश नाही. तिकीट पुढच्या बाजूला."

"मला मनोरा बघायचा नाही हो. मला ती बाई पाहिजे. पिवळ्या फडक्यावाली."

"झाडूवाली? काय काम आहे तिच्याशी?"

तेवढ्यात तीच हातात बादली घेऊन आतून आली. पन्नाशीची, पदर खोचलेली, कपाळावर घाम. खांद्यावर पिवळं फडकं. ठिपकेबाईनं बोटभर मनोरा तिच्या नाकापुढे धरला, उलटा फिरवला आणि नखानं दाखवलं. "बाई, ही खिडकी तुमची?"

झाडूवालीनं बादली खाली ठेवली. हात पुसले. मनोरा घेऊन डोळ्यांशी नेला. हे असले मनोरे ती रोज चौकात बघत होती, पण त्याची पाठ कधी कुणी तिला दाखवली नव्हती.

"वरून तिसरी... टोकाची... अगं बाई! ही तर माझी खोली!" तिचा चेहरा उजळला. "माझ्या बादल्या असतात तिथं! ही कुणी काढली?"

"मी. एकोणीस वर्षं काढतीय. आणि आता ते म्हणतात, नाहीच."

"नाहीच कसं? अकरा वर्षं झाली मला, रोज नऊ वाजता उघडते." मग झाडूवालीनं हात नाचवून सांगितलं, "बाकीच्यांना निळी काच लावली. माझ्या खोलीला म्हणाले, बादल्यांना कशाला उजेड? आणि लाकडी फळी बसवली. मागे रंगारी आले, ते फळीसकट भिंत रंगवून मोकळे झाले. मी फळी लावली की कुणाला कळतसुद्धा नाही इथं खोली आहे ते."

"एकदा उघडाल? समोर हॉटेलात माझी नणंद फोन धरून उभी आहे."

"मी कशाला? तुम्हीच उघडा की!" झाडूवाली म्हणाली. "चला वर."

"ए, ए!" पहारेकरी उभा राहिला. "बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही." पण त्याची नजर त्या बोटभर मनोऱ्यावरच होती. घसा खाकरून त्यानं विचारलं, "त्याच्यात... हे फाटक पण आहे का?"

"आहे की! ही बघा खाली, तपकिरी रेघ. रोज साठ वेळा ओढते."

पहारेकऱ्यानं वाकून रेघ बघितली. बराच वेळ बघितली. मग फाटक सरकवून म्हणाला, "पाच मिनिटं. दहाला साहेब येतात."

जिना गोल आणि अंधारा होता. पायऱ्या मधे झिजून खोलगट झालेल्या. ठिपकेबाईला आयुष्यात इतकी धाप कधी लागली नव्हती आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. झाडूवाली पुढे, चढता चढता सांगत, "इथं जपून, इथली पायरी डुगडुगते." वर एक बुटकं दार. आत ओल्या फडक्यांचा वास, चार बादल्या, भिंतीला टेकलेले झाडू आणि समोर लाकडी फळी.

ठिपकेबाईनं कडी काढली. श्वास धरला, ठिपका देताना धरायची तसा. आणि फळी ढकलली.

उजेड अंगावर आला. खाली गल्ली, गल्लीत खेळण्यातल्यासारखा पहारेकरी, आणि पलीकडे त्यांचं ते चिंचोळं, रंग उडालेलं हॉटेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच उघड्या खिडकीत नणंद उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं हॉटेलचा विरविरीत टॉवेल झेंड्यासारखा फडकवत होती.

"वहिनीऽऽ!" गल्ली दुमदुमली. "हस की जराऽऽ!"

"हसले तरी तिथून दिसणार आहे काऽऽ?"

"नाहीऽऽ! पण तू हस!"

ती हसली. शेजारी झाडूवालीनंही डोकं घातलं आणि पिवळं फडकं झटकलं, यायचंच असेल तर तेही फोटोत यावं म्हणून. नणंदेचं बोट हवेत उजवीकडून डावीकडे चाललेलं दिसत होतं. ती मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं पंजा उघडून वर केला. पाचही बोटं.

उतरताना ठिपकेबाईनं तो बोटभर मनोरा झाडूवालीच्या हातात ठेवला. झाडूवाली परत वर गेली आणि बादल्यांच्या खोलीत, फळीच्या आतल्या बाजूला, कठड्यावर तिनं तो उभा करून ठेवला.

सोमवारी सकाळी साहेबानं फोटो बघितला. दोन बोटांनी ताणून मोठा केला, आणखी मोठा केला.  सगळ्यांचे ब्रश हवेत.

"एक, दोन, तीन, चार," साहेब म्हणाला. "आणि पाच."  "हे पिवळं काय आहे?"

"फडकं."

"आणि त्याच्या शेजारी हा काळा ठिपका?"

"ती मी, साहेब," ठिपकेबाई तिच्या जागेवर, उजेडाच्या बाजूला बसत म्हणाली. "तुम्ही विचारलं होतंत ना, मनोरा बघितलाय का? नुसता बघितला नाही. आत शिरून बाहेर बघितलं."

सगळं टेबल हसलं. या वेळी साहेबही हसला, आणि हसता हसताच त्यानं नव्या साच्याचं खोकं परत बंद करायला सांगितलं. चिकटपट्टी पॅकिंगमधून मागवावी लागली. ती आणायला ठिपकेबाई स्वतःच उठली.